दाम्पत्य कक्ष

"आजी, हात पुढं करा. दोन्ही हात. हां, आता इकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला.

पर्वताबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी आदेशाचा कागद पुढे धरून उभी होते. फोटोपुरतं हसू चेहऱ्यावर आणलेलं होतं, ते तसंच राहिलं. पंचायत समितीच्या सभागृहात कूलर घरघरत होता आणि त्याचं वारं फक्त पहिल्या रांगेपर्यंत पोचत होतं. मागची मंडळी रुमालांनी, पिशव्यांनी, मिळेल त्यानं वारा घेत होती. एप्रिल महिना, वऱ्हाडातलं तालुक्याचं गाव. सगळ्यांना घरी जायचं होतं. मलाही.

"घ्या ना आजी," मी म्हटलं.

"मी नाई घेत जी."

माइक चालू होता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"का? काय झालं?"

"मले त्या खोलीत नाई राहाचं यायच्यासंग."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बुढी आता सोडचिठ्ठी देते का काय!" आणि सभागृह हसलं. सकाळपासून पहिल्यांदाच लोक मनापासून हसले असतील. पहिल्या रांगेत पर्वताबाईंचे यजमान, उकंडराव घाटोळ, काळा चष्मा लावून मान वर करून बसले होते. एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. ते शेजारच्याला विचारत होते, "काय झालं? फोटो झाला का?"

मी तेव्हा समाजकल्याण खात्यात उपायुक्त होते. राज्याचं नवं ज्येष्ठ नागरिक धोरण तयार होत होतं आणि त्यासाठी वरून हुकूम आला होता की प्रत्येक विभागातल्या अधिकाऱ्यानं दर महिन्याला एका तालुक्यात जाऊन ज्येष्ठांशी संवाद साधावा आणि त्याचा अहवाल मंत्रालयात पाठवावा. मी दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी गाडीत बसायचे. सकाळी दीपप्रज्वलन, मग भाषणं, मग डोळ्यांची तपासणी, मग गाऱ्हाणी. बँकेत अंगठा उमटत नाही. एसटी थांबत नाही. गुडघे. सून. माणूस माइकपाशी येईपर्यंत तो काय बोलणार हे मला कळलेलं असायचं. सुरुवातीला मी वही भरून टिपणं घ्यायचे. पुढे पुढे मान हलवायची सवय लागली. माणूस बोलत असायचा, मी मान हलवत असायचे, आणि मनात परतीच्या रस्त्यावर चहा कुठं चांगला मिळतो याचा विचार चाललेला असायचा.

शेवटी एखाद्या कुटुंबाला व्यासपीठावर बोलावून 'प्रत्यक्ष लाभ' द्यायचा. त्या दिवशी घाटोळ पती-पत्नीला वृद्धाश्रमातली खोली मिळायची होती. गावाकडचं त्यांचं घर आदल्या पावसाळ्यात बसलं होतं. एकुलती एक मुलगी चंदा, ती नागपुरात सासरी. तेव्हापासून दोघं कुणाच्या तरी ओसरीत दिवस काढत होते. गावाबाहेर एका संस्थेचा अनुदानित वृद्धाश्रम होता, तिथं नवरा-बायकोंसाठी वेगळ्या खोल्या बांधलेल्या होत्या. दारावर पाटी होती, 'दाम्पत्य कक्ष'. त्यातली एक रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी रांग होती.

मी कागद खाली ठेवला, कार्यक्रम संपल्याचं जाहीर करायला सांगितलं आणि पर्वताबाईंना घेऊन शेजारच्या सभापतींच्या खोलीत गेले. मागोमाग चंदा आली. आश्रमाचे व्यवस्थापक देशभ्रतार आले. उकंडरावांना कुणी सांगायच्या आधी सभागृह रिकामं होऊ लागलं होतं. ते तिथंच बसून राहिले.

चंदा आत येताच आईवर घसरली. "तुले हे घरी नाई बोलता आलं? चार मान्साइत लाज काढली. मी सुट्टी टाकून आली, बाबाचे थेंब, गोळ्या, सारं बांधून ठेवलं, अन् तू मधातच..."

"घरी बोलली असती त तू येऊच देलं नसतं इथं," पर्वताबाई म्हणाल्या. आवाज शांत होता. ठेंगणा बांधा, हिरवं लुगडं, हातावर गोंदण. खुर्ची दिली तरी त्या काठावर बसल्या होत्या, आता उठायचंच आहे अशा.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. अशा वेळी विचारायचे प्रश्न ठरलेले असतात.

"आजी, ते मारतात का?"

"नाई जी. कदी बोट नाई लावलं."

"दारू?"

"सुपारीचं खांडही नाई तोंडात टाकत."

"शिवीगाळ? संशय?"

"नाई, नाई. देवमानूस हाय. इचारा कोनाले बी."

"मग त्रास काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तरास असला तरच येगळं राहाव का?"

मी देशभ्रतारांकडे पाहिलं. ते पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ होते. वाईट माणूस मुळीच नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, स्त्री विभागात मी यांना घेऊ शकत नाही. तिथं निराधार महिला असतात. यांचे पती हयात आहेत, बाहेर बसलेत. मी कागदावर काय दाखवू? आणि काकू, तुम्हाला सांगतो, ती खोली फार चांगली आहे. पूर्वेची खिडकी आहे, स्वतंत्र मोरी आहे. लोक वर्ष-वर्ष वाट पाहतात."

"खोली बेस हाय, मी पाह्यली," पर्वताबाई म्हणाल्या. "तिकडच्या बायाइचा हॉल बी पाह्यला. मले तिथं एक खाट द्या. भिताडापाशी असली तरी चालन."

चंदा रडायला लागली. "मॅडम, तुम्ही समजावून सांगा. या वयात बाबाले कोन पाहीन? सासरी मी काय सांगू, मायनं बाबाले टाकलं?"

"सांग, माय म्हातारी झाली," पर्वताबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला तेव्हा चीड आली होती. डोकं दुखत होतं. अहवालात लिहायला एक चांगली गोष्ट मिळणार होती, तिची ही अशी वाट लागली होती. वाटलं, दोन शब्द समजुतीचे सांगावेत, म्हातारीचा राग उतरेल, कागद हातात द्यावा आणि निघावं. म्हातारा-म्हातारीची कुरबुर असणार. मी शिपायाला उकंडरावांना आत आणायला सांगितलं.

ते भिंतीला हात लावत आले. चंदानं त्यांना खुर्चीत बसवलं. उंच, सडसडीत, धोतर स्वच्छ. बसल्यावर त्यांनी हात जोडले, पण ते देशभ्रतारांच्या दिशेला.

"रामराम साहेब."

"साहेब नाही बाबा, मॅडम आहेत. इकडं," चंदा म्हणाली.

"रामराम जी मॅडम. काई चुकलं का आमचं?"

"काही चुकलं नाही," मी म्हटलं. "आजी म्हणतात, त्यांना वेगळं राहायचं आहे. तुम्हाला माहीत होतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ते खरोखर विचार करत होते, काहीतरी शोधत असल्यासारखे.

"नाई जी. मले नाई मालूम. मी कदी हात नाई उगारला तिच्यावर. बाजारातून आलो त तिच्यासाठी काई ना काई आनलं. तिच्या भावाच्या पोट्ट्याइचे लग्न लावून देले." मग थांबून म्हणाले, "पानी दे व."

खोलीत आम्ही पाचजण होतो. पाण्याचा जार माझ्या उजव्या हाताला, टेबलावर. पेले तिथंच. मी हात लांब केला असता तरी पुरलं असतं. चंदा बापाच्या बाजूलाच उभी होती. देशभ्रतार तर जाराला टेकलेच होते. पण 'पानी' हा शब्द पुरता व्हायच्या आत पर्वताबाई उठल्या होत्या. गुडघ्यावर हात देऊन, तोंडातून बारीक 'आई गं' काढत त्या खोलीच्या त्या टोकापासून आल्या, मला वळसा घालून पेला भरला, उकंडरावांच्या हातात दिला, त्यांची बोटं पेल्याभोवती नीट बसवली, ते पिईपर्यंत उभ्या राहिल्या, पेला परत घेतला, पदरानं त्यांच्या हनुवटीवरचं पाणी टिपलं आणि परत आपल्या खुर्चीशी जाऊन काठावर बसल्या.

आमच्यातलं कुणीच हललं नव्हतं. कुणाला हलावंसंच वाटलं नव्हतं.

"पाह्यलं?" पर्वताबाई मला म्हणाल्या.

"काय पाह्यलं?" उकंडरावांनी विचारलं.

चंदानं डोळे पुसायचे थांबवले होते.

"तेरा-चौदाची होती मी लग्न झालं तवा," पर्वताबाई सांगू लागल्या. माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या स्वतःच्या तळहातांकडे. "तवापासून हाक आली का उठली. जेवत असन त जेवता जेवता. पोट्टी अंगावर पेत असन त तिले खाली ठेवून. अंगात जोर होता, काई नाई वाटलं. आता मले उठाले लागते घडीभर. रातच्याले यायनं कूस बदलली तरी माहे डोये उघडते. बोलावलं नसलं तरी. मी काई यायले दोष नाई देत. यायले मालूमच नाई. पन बाई, मी थकली. मले मराच्या आंधी एक डाव झोप होऊ द्या."

उकंडराव चष्म्याआडून आवाजाच्या दिशेला तोंड करून होते. "मंग मले सांगाचं नं तू," ते हळूच म्हणाले.

"कवा सांगू? तुमी झोपल्यावर?"

मग त्यांनी जे विचारलं ते मला आजही खोटं वाटत नाही. त्यांना खरोखरच तेवढंच कळत नव्हतं. "पन मंग माहं कोन करन?"

"मी मेली असती त कोन केलं असतं?" पर्वताबाई म्हणाल्या. "त्या साहेबाले इचारा. समजा मी मेली."

मी देशभ्रतारांकडे वळले. "समजा, उकंडराव एकटे असते. तर काय केलं असतं तुम्ही?"

"तर पुरुष विभागात घेतलं असतं मॅडम."

"आणि त्यांचं सगळं? डोळ्यांत थेंब, आंघोळ, रात्री उठणं?"

"त्यासाठी मदतनीस आहे ना तिथं. दिवसा एक, रात्री एक. अनुदानातूनच नेमलेत."

"आणि दाम्पत्य कक्षात?"

"तिथं मदतनीस लागत नाही मॅडम." ते सहज बोलून गेले. "तिथं पत्नी असते ना."

बोलल्यावर त्यांना ते स्वतःलाच ऐकू गेलं असावं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली.

"म्हंजे बायको मेली त मानूस भेटते," पर्वताबाई म्हणाल्या. "जित्ती असली त नाई भेटत."

धोरणाच्या मसुद्यात एक ओळ होती. 'ज्येष्ठ दाम्पत्यांना एकत्र निवासाची सोय करून परस्पर शुश्रूषेस प्रोत्साहन द्यावे.' सचिवांची स्वतःची ओळ. ज्या बैठकीत त्यांनी ती वाचून दाखवली तिथं सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. किती मानवी विचार आहे, असं कुणीतरी म्हणालं होतं. त्या खोलीत मला 'परस्पर' हा शब्द आठवला.

मी कागद मागवला. खुर्चीत सरळ बसून दोन आदेश हातानं लिहिले. उकंडराव घाटोळ, पुरुष विभाग, मदतनिसासह. पर्वताबाई घाटोळ, स्त्री विभाग.

"कारण काय लिहायचं मॅडम?" देशभ्रतार वाकून बघत होते. "निराधार तर लिहिता येणार नाही."

"ज्येष्ठ व्यक्ती, असं लिहिलंय."

"तपासणीत निघेल हे."

"निघू द्या. सही माझी आहे."

त्यांनी आणखी वाद घातला नाही. मला वाटतं त्यांनाही सुटल्यासारखं झालं होतं. चंदा मात्र बापाचा हात धरून बाहेर पडली, आणि दारातून जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिचं माहेरच मी मोडलं होतं. पर्वताबाई मागे राहिल्या. त्यांनी कागद घेतला, घडी घालून कमरेला खोचला. आभार मानले नाहीत. "उशीर झाला तुमाले," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर दर्यापूरच्या अलीकडे माझ्या यजमानांचा फोन आला. "अगं, जिरं कुठल्या डब्यात आहे?" मी सांगितलं. फोन ठेवला. ड्रायव्हरनं चहासाठी थांबायचं का विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं.

पुढचं फार काही गौरवाचं नाही. स्थानिक वृत्तपत्रात बातमी आली, 'अधिकाऱ्यांनी मोडला सत्तरीतला संसार'. कुठल्याशा ज्येष्ठ नागरिक संघानं माझ्याविरुद्ध निवेदन दिलं. पुढच्या महिन्याच्या संवादात दुसऱ्याच तालुक्यात एका आजोबांनी माइक घेऊन मला कुटुंबसंस्थेवर सुनावलं. मी मान हलवली.

मंत्रालयात बैठक झाली तेव्हा मी तो मुद्दा मांडला. म्हटलं, दाम्पत्य कक्षालाही मदतनीस द्यावा आणि एकत्र राहायचं की नाही हे दोघांना वेगवेगळं विचारावं. दोघांना एकत्र बसवून नव्हे. वेगवेगळं. सचिव शांतपणे ऐकत होते. ते हुशार होते आणि कामसूही.

"अशी किती प्रकरणं आढळली तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"एक."

"एका प्रकरणावर धोरण ठरत नाही हो."

"आपण विचारलंच नव्हतं सर. म्हणून एक."

ते हसले. कुत्सित नव्हे. "मदतनीस म्हणजे पदं. पदं म्हणजे वित्त विभाग. तुम्हाला माहीत आहे." विषय पुढे सरकला. धोरण जाहीर झालं, त्यात 'परस्पर शुश्रूषा' जशीच्या तशी होती. छापील प्रत सुंदर होती. मुखपृष्ठावर एकमेकांचा हात धरून बागेत चाललेलं जोडपं.

माझे ते दोन आदेश मात्र कुणी रद्द केले नाहीत. तपासणीत ते निघालेच नाहीत. इतक्या लहान गोष्टीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात माझी बदली झाली. जायच्या आधी त्या बाजूला एक काम निघालं, म्हणून वाट वाकडी करून मी आश्रमात गेले. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. आवार मोठं होतं, मधे कडुलिंब. एका बाजूला बायकांचा हॉल, समोर पुरुषांचा, दोन्हींच्या ओसऱ्या एकमेकींसमोर. दाम्पत्य कक्ष मागच्या अंगाला.

बायकांच्या ओसरीवर चार-पाचजणी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पर्वताबाई त्यांच्यात होत्या. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून. मला त्या पटकन ओळखू आल्या नाहीत, कारण त्या अंगानं भरल्या होत्या.

"बरं आहे ना आजी?"

"हाव जी. बसा. शेंगा खा."

"जाता का तिकडं, त्यांच्याकडं?"

"जातो नं. रोज संध्याकाळी. घडीभर बसतो, बोलतो, येतो." त्यांनी माझ्या हातात ओंजळभर दाणे दिले. "तुमी वायल्या बाई. जेवत नाई का?"

शेजारची बाई काहीतरी पुटपुटली आणि पर्वताबाई पुन्हा त्या बायकांच्या बोलण्यात गेल्या. मी ओसरी उतरून समोर गेले.

उकंडराव बाकावर उन्हात बसले होते. डोळ्याला फार सुधारणा नव्हती. धोतर तसंच स्वच्छ. मी नाव सांगितलं तेव्हा ते उठायला लागले, मी बसवलं.

"राग आहे का माझ्यावर?" मी विचारलं.

"पयले होता. लय होता." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "इथलं पोरगं चांगलं हाय. थेंब टाकते, पाठ घासून देते. मी काय म्हनतो थे ऐकते. बाकी काई नाई."

मला निघायचं होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. ऊन छान होतं. तेवढ्यात समोरच्या ओसरीवरून एकदम हसण्याचा आवाज आला. खणखणीत, पोटातून आलेलं, दम लागेपर्यंतचं हसू. बाकीच्या बायकांचं हसू त्याच्या मागून आलं.

उकंडरावांनी मान तिरकी केली.

"हे हासनं," ते म्हणाले. "मी आलो इथं तवा दोन-चार रोजानं आयकलं. मले वाटलं, कोन बाई हाय बापा इतकी हासनारी. त्या पोराले इचारलं, कोन रे थे? त थो म्हने, बाबा, तुमचीच बाई हाय."

हसू अजून थांबलं नव्हतं. ते ऐकत राहिले, तोंड त्या दिशेला करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"मॅडम," मग त्यांनी विचारलं, "थे पयलेपासून अशीच हासत असन का?"